सूनबाईचा होकार

देवास, मंगळवार, दिवेलागण

धारची भाची शैला मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करते. तिचा छापून आलेला लेख तिनं आज फोनवर मराठीतून समजावला. प्रत्यारोपणात देणाऱ्या बहुतेक घरच्या बायका, घेणारे पुरुष. "मामा, त्यांना कुणी विचारतसुद्धा नाही हो," म्हणाली.

तेव्हापासून चैन नाही. आपल्या थोरल्या मुलाची, श्रीकांतची दोन्ही मूत्रपिंडं गेली, सूनबाई आपलं एक देणार. परवा टेकरीवर देवीसमोर तिची ओटी भरली. तोच तिचा होकार, असं सगळ्यांनी धरलं. शेजारचे वर्माजी म्हणाले, "भिया, बहू हो तो ऐसी!" मलाही शाळेतल्या त्यागाच्या कविता आठवून भरून आलं. धाकट्या नंदूचाही रक्तगट जुळतो, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

ओटी भरली म्हणजे विचारलं का?

ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, "सूनबाई, तुझ्या मनात आहे ना द्यायचं?"

लाटणं थांबलं. "मामंजी, नाही म्हटलं तर या घरात मला पूर्वीसारखं वागवाल?"

हो म्हणायला मला फार वेळ लागला. तोवर तिनं पुढची पोळी लाटायला घेतली होती.