बसूची धोंडी

नागूच्या अप्पांना शरणार्थ,

तुमच्या तीन पत्रांची उत्तरं राहिलीत. हे पत्रबी मी टाकणारच न्हाई, नुसतं लिहायलेय.

लातूर जिल्हा झाला, तुम्हाला तिथं शिपायाची नोकरी लागली. बरं झालं. इथं अहमदपुरात टँकर चार दिवसांनी येतो.

सोमवारी गल्लीत धोंडी आली. एका पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधलेला, अन् पाऊस पडावा म्हणून बाया त्याच्यावर तांब्या तांब्या पाणी ओतत होत्या. नागू टक लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी भाकरी करताना तिनं धाकट्या भावाला, बसूला, उंबऱ्यावर बसवलं, त्याच्या करदोट्यात पाला खोचला अन् प्यायच्या पाण्याची घागर तांब्या तांब्यानं त्याच्या डोक्यावर रिकामी केली. बसू टाळ्या पिटून हसत होता.

मी तिला लई मारलं. लपवत न्हाई. चार वर्षांचं लेकरू, पण रडली न्हाई. म्हणली, "अप्पा म्हणले होते, पाऊस पडला की येतो."

जाताना तुम्ही बोलला होता खरं. मी विसरले होते.

आता ती स्वतःच्या पेल्यातलं अर्धं पाणी रोज बसूच्या डोक्यावर घालते. मी बघून न बघितल्यासारखं करते.

आज स्टँडवर लातूरच्या गाडीचा कंडक्टर म्हणला, तिकडं आठ दिवसांपासून पाऊस पडायलाय. नागू माझं बोट धरून उभी होती. तिनं वर माझ्याकडं बघितलं.

मी तिला सांगितलं, तो खोटं बोलतो.

तुमच्या लेकरांची आई,
उमादेवी