चाळीस मिनिटं

१४ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण पाठ धरली आहे. तुझी तब्येत विचारत नाही. काल टीव्हीवर पाहिली, चांगली गुटगुटीत आहे.

प्रयोगशाळेत तुझ्यापासून दोन खोल्या पलीकडे बसून पत्र लिहिते आहे, कारण तुझ्यासमोर मी तोंड उघडलं की बोलतोस तूच.

म्हणे तू शोधलास मलेरियाच्या परजीवीच्या वाढीतला नवा टप्पा! वर त्याला बाबांचं नाव. बिचाऱ्यांनी जन्मात कुणाला खोटा दाखला दिला नाही.

एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते मी मोजते, आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडतो. सारख्या पेशींचे ठिपके शेजारी शेजारी पडतात. तू नवा टप्पा म्हणतोस तो जगप्रसिद्ध पुंजका सगळ्यांपासून फटकून बसला आहे, आणि त्यातला ठिपकान् ठिपका एकाच नळीतला आहे. त्या बुधवारच्या.

आठवतोय बुधवार? फोटोवाला आला होता. परजीवींच्या रक्ताची नळी उबेतून काढून टेबलावर ठेवलीस, मागे उभा राहिलास, तीनदा भांग पाडलास. चाळीस मिनिटं! परजीवी रक्ताच्या उबेतून गारव्यात आला की त्याला वाटतं, डासाच्या पोटात पोचलो. मग तो रूप पालटायला लागतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कोण शिकवतं? तूच. तुझा शोध म्हणजे तुझ्या मिरवण्यापायी गारठलेले जीव आहेत, दुसरं काही नाही.

आपली तंत्रज्ञ बाई तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, नळी आत ठेवू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "त्यांचं चालू दे."

मला तुझी फजिती पाहायची होती. झाला उदोउदो. लेखातलं 'सर्व नमुने सतत सदतीस अंशांवर ठेवले' हे वाक्य माझं आहे. त्याच लेखावर माझी नोकरी कायम झाली. तुला निदान कळलं नव्हतं, तेवढी अक्कलच नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

परवा एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्या टप्प्यावर औषध शोधायला त्यांनी सहा माणसं बसवली आहेत. नसलेल्या गोष्टीमागे सहा माणसं. 

आज सकाळी मासिकाला लेख मागे घ्यायला कळवलं आणि संचालकांकडे राजीनामा दिला. त्यात गारठा तुझा लिहिला, खोटं वाक्य माझं. आईला तू सांग. तिला तुझं बोलणं आवडतं.

तुला हसायला टपलेली, आणि तुझ्याहून हलकी निघालेली,
तुझी धाकटी