हळू चेंडूच्या आधीचा हात

बसवनगुडी, बेंगळुरू
४ जानेवारी २०२५

ती. महानंदाआत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मोबाईलवरचं वाचलं की तुला वाचल्यासारखं वाटत नाही. म्हणून सरळ कागद घेतला. आम्ही खुशाल. इथं थंडी छान पडलीय. तू पाठवलेली शेंगाचटणी घरमालकीण कौशल्याअक्कांनी चाखली आणि डबा अर्धा झाला. मला तक्रार करायची सोय नाही, कारण त्याच मला सकाळी इडली देतात.

आता खरं काम. अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांसाठी आमचं ऑफिस खेळाडूंचे व्हिडिओ बघून अहवाल देतं, हे तुला ठाऊक आहे. (बसून बघायची कसली गं नोकरी, असं तू म्हणाली होतीस. विसरले नाही.) सध्या माझ्याकडे क्यूबाचा एक चेंडू टाकणारा आहे, योस्वेल नावाचा. वय पंचवीस. देश सोडून शेजारच्या एका बेटावर सराव करतोय, आई मागेच राहिली. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, हा टिकेल का ते एका क्लबला हवंय. क्लबचं नाव विचारू नकोस, बंदी आहे. दुसऱ्या कुणी त्याला विचारलेलंसुद्धा नाही. मी नको असं लिहिलं की त्याचं दार बंद.

पोरगा सुरुवातीला असला टाकतो की बघत राहावं. जोराच्या चेंडूचाच हात दाखवून मध्येच हळू सोडतो आणि समोरचा हवेत बॅट फिरवून बसतो. पण सामना अर्ध्यावर गेला की त्याच हळू चेंडूला मार पडतो. कॉम्प्युटर म्हणतो, खांदा दमतो. जोराच्या चेंडूचा वेग मात्र शेवटपर्यंत तेवढाच आहे! आमचे गिरीराज सर म्हणतात की वेग राहतो, पण बोटांतली नजाकत जाते. ते इथल्याच जुन्या मराठी घरातले. दर वाक्याला सरी, म्हणजे कन्नडमधलं बरोबर, म्हणतात आणि मग नेमकं उलटं काहीतरी सांगतात.

मला तो आवडलाय, आणि त्याचीच भीती वाटते. गेल्या वर्षी असाच एक आवडला होता. मी हो लिहिलं आणि तो दोन महिन्यांत परत गेला. एकतीस तारखेला अहवालावर सही माझी आहे. तू अठ्ठावीस वर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवलास. सांग ना, काय बघू?

तुझ्या चटणीइतकीच तुझ्या उत्तराची भुकेली,
हर्षिता


खानापूर
१० जानेवारी २०२५

चि. हर्षितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत तुझं. शेंगाचटणी परत करून ठेवलीय, येईल कुणाबरोबर तरी. माझा गुडघा बरा आहे, त्याची चौकशी तू केली नाहीस तरी सांगते.

तुमचा येसाजी (मला ते नाव जमणार नाही, बाई) चांगला दिसतो. पण काय गं, एवढे आकडे काढलेत आणि माणूस कुणी बघितला की नाही? मी मैदानात कधी चेंडू बघितला नाही. चेंडूकडे सगळं गाव बघतं. मी टाकणारीचा कमरेपासून वरचा भाग बघायची. सोबत एक कोरं पोस्टकार्ड ठेवलंय. ते पडद्यावर आडवं धर. चेंडू झाक, बॅटवाला झाक, आणि नुसता त्याला बघ. चेंडू सुटल्यावर नाही, सुटायच्या आधी.

आणि दमला असं लिहायची घाई करू नकोस. ती घाई मी एकदा केलीय. आमच्या शाळेत श्यामला म्हणून मुलगी होती. सुरुवातीला कुणाला खेळू द्यायची नाही आणि पुढं मार खायची, अगदी तुझ्या येसाजीसारखी. राज्याच्या निवडीला नावं पाठवायची होती. तिच्या नावापुढं मी शेरा मारला: दम नाही. दोनच शब्द. पोरीनं खेळच सोडला. पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलनाची खुर्च्या-बाकं ह्याच मुलीनं दिवसभर एकटीनं वाहिली. दम नव्हता तर हे काय होतं? मग नेमकं काय चुकत होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. चोवीस वर्षं झाली, तो शेरा अजून टोचतो.

तेव्हा डोळे फाडून बघ. जेवण वेळेवर घे.

गुडघ्यासकट तुझीच,
महानंदाआत्ती


बसवनगुडी
१९ जानेवारी २०२५

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? (पहिल्याच ओळीत विचारलं, बघ.)

आत्ती, सापडलं! तुझं पोस्टकार्ड पडद्यावर धरून तीन दिवस बसले. सगळं ऑफिस हसत होतं. एकानं तर पडद्याला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची आणून देऊ का विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. मध्येच तो हात गळ्याशी जातो, सदऱ्याच्या आत काहीतरी चाचपतो आणि परत येतो. मी आजवर समजत होते की घाम पुसतो. मोठं करून बघितलं तर पिवळ्या मण्यांची माळ. मग कार्ड काढलं आणि मोजायला बसले. चौसष्ट हळू चेंडूंपैकी एकसष्ट चेंडूंच्या आधी हात माळेला. जोराच्या चेंडूआधी एकदाही नाही!

म्हणजे खांदाबिंदा काही दमत नाही. सुरुवातीला समोरच्यांच्या ध्यानात येत नाही. तेच बॅटवाले दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खेळायला आले की येतं आणि मग ते हात गळ्याशी गेला की हळू चेंडूची वाटच बघत उभे राहतात. मी खुर्चीतून उठून नाचले. गिरीराज सर आले, त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं आणि सरी, सरी म्हणाले. ह्या वेळी खरंच सरी.

पण पुढं घोडं अडलंय. त्याच्या एका मुलाखतीचं भाषांतर मिळालं. निघताना आईनं ती माळ गळ्यात घातली. हळू चेंडू त्याला सगळ्यात अवघड वाटतो, म्हणून तेवढ्यापुरती तो देवाची आठवण काढतो. सर म्हणतात, स्वल्प, म्हणजे जरा, विचार करून लिही. माळ काढ म्हणून सांगितलं तर पोरगा आतून मोडेल. हात लावू नकोस म्हटलं तर ऐन वेळी हात जाणारच, कारण सवय घाबरल्यावरच वर येते. आणि खोट आहे पण सुटणं कठीण, असं लिहिलं की क्लब त्याला सोडून देणार. रोग कळला आणि औषध नाही, अशी गत झालीय माझी. रडायला येतं. बारा दिवस उरलेत. काय लिहू?

तुझ्याच कार्डाला चिकटून बसलेली,
हर्षिता


खानापूर
२४ जानेवारी २०२५

चि. हर्षितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. जाऊ दे. हे स्पीडपोस्टानं टाकतेय.

हर्षू, श्यामलाच्या गळ्यात यल्लम्माचा काळा दोरा होता. अवघड चेंडू टाकायच्या आधी त्याला हात लाव, देवीचं नाव घे आणि मगच टाक, असं तिला कुणी सांगितलं होतं माहीत आहे? मी. घाबरायची बिचारी, म्हणून मी सांगितलं. तिनं माझं अक्षरन् अक्षर ऐकलं. समोर खेळणाऱ्या बेळगाव, धारवाडच्या मुलींना कळलं, मला तेवढं कळलं नाही. कमरेपासून वर बघते म्हणून मिरवणारी मी! नमस्काराकडे आपण खोट म्हणून बघतच नाही ना. देवाला हात जोडलेला माणूस दिसला की आपण नजर खाली घेतो. आज सकाळपासून मी तशीच बसलेय, जेवण गेलं नाही.

आता तुझ्या येसाजीचं. अगं वेडे, माळ काढायची कशाला आणि हात थांबवायचा कशाला? एकाच चेंडूला देव का? सगळ्या चेंडूंना हात लावू दे! जोराचा असो, हळू असो, दर चेंडूला नमस्कार. आईचं मन राहील, पोराचा धीर राहील आणि समोरचा बसेल हळू कुठला ते ओळखत. एवढंच लिही, आणि टिकेल म्हणून ठणकावून लिही.

सोबत एक चिठ्ठी आहे, ती श्यामलाला. तिचं लग्न बेंगळुरात झालं. यशवंतपूरच्या बाजारात नवराबायकोची कांद्याची वखार आहे, पत्ता मागे लिहिलाय. मी माफी मागितलीय आणि चूक कुणाची ते सगळं लिहिलंय. आधी त्या पोराचं मार्गी लाव, मग जा. ती रागावली तर ऐकून घे, माझ्या वाटचं.

तुझी, आज जरा ओशाळलेली,
आत्ती


बसवनगुडी
१३ एप्रिल २०२५

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. अहवालाच्या शेवटी मी तुझंच वाक्य घातलं: माळ राहू द्या, हात दर चेंडूला लावायला सांगा, टिकेल. हे कुणी सुचवलं ते क्लबनं विचारलं, तेव्हा गिरीराज सरांनी तुझं नाव आणि निवृत्त क्रीडाशिक्षिका, खानापूर, असं स्वतः टंकून पाठवलं. क्लबनं योस्वेलला घेतलं. अजून मेजर लीगच्या संघात नाही, त्यांच्या खालच्या संघात आहे. वर्षभर बघून वर नेतील. गेल्या आठवड्यात त्याचा पहिला सामना झाला. दर चेंडूला हात माळेला! सहाव्या डावातसुद्धा, म्हणजे सामना अर्ध्याच्या पुढं गेल्यावरही, त्याच्या हळू चेंडूवर लोक हवेत बॅट फिरवत होते. मी ऑफिसात ओरडले, आणि लिंबू-मिरचीवाल्यानं मुकाट्यानं पेढे आणले.

आता श्यामलाताई. इतके दिवस धीर होत नव्हता, अखेर काल शनिवारी गेले. कांद्याच्या पोत्यांमध्ये उभी होती. उंच, पदर खोचलेला, हिशेबाला आलेल्या माणसाला कन्नडमधून झापत होती. खानापूरच्या बाईंची भाची म्हटल्यावर एकदम मराठीत आली. तुझी चिठ्ठी तिनं उभ्यानंच वाचली, दोनदा. मग पोत्यावर बसली आणि डोळे पुसले. म्हणाली की दम नाही हे तिनं स्वतःच इतकी वर्षं खरं मानलं होतं. मुलं दमली की त्यांना सांगायची, माझ्यावर गेलात. बाईंवर राग नाही, पण हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणाली. ते मी तुझ्या वाटचं ऐकून घेतलं.

मग मी तिला योस्वेलचं सांगितलं, आणि दर चेंडूला नमस्काराचंही. ती उठली, हात झटकले आणि एक कांदा उचलला. वीस पावलांवर भिंतीशी रिकामी टोपली होती. गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला आणि खालून हात फिरवून असा फेकला की टोपली भिंतीवर आपटली. पुन्हा हात लावला, दुसरा हळूच टोपलीत उतरला. वखारीतली माणसं काम सोडून बघायला लागली. दहा-बारा कांदे टाकले तिनं, एकही बाहेर नाही, आणि हसत होती गं ती.

माझं पोटच ह्या कामावर आहे, म्हणून मी बाजूला उभी राहून नुसता तिचा हात बघत होते. आत्ती, कुठला जोराचा येणार आणि कुठला हळू, ते मला एकदाही ओळखता आलं नाही.

मे महिन्यात ती तुला भेटायला खानापूरला येतेय. जेवण नीट करून ठेव, आणि माझ्यावरची माया तिला सगळी देऊन टाकू नकोस.

तुझी,
हर्षिता