चर्चच्या सणात दाखवलेला मुलामा

वटार, १२ जानेवारी २०२५

ती. कार्मिनबाय हिस,
जॅक्सनचा सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलायला लागलो की तुझ्या कॉन्व्हेंटात प्रार्थनेची घंटा होते, म्हणून लिहितो. एसीच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाऱ्या हवेत सडू नयेत म्हणून मी त्यांना जस्ताचा मुलामा देतो ना, त्यावरून एका मोठ्या कंपनीने मला कोर्टात खेचलंय. म्हणे रीत त्यांची, पेटंट त्यांचं. पुढच्या तारखेला त्यांना मनाईहुकूम मिळाला तर वसई पूर्वेचा गाळा बंद. शर्लिन बायको असून वकिलासारखा धीर देते, पण मला घास जात नाही.

कंपनीचा पेटंटचा अर्ज २०१८ चा. त्याआधी ही रीत कुणाला उघड दाखवली होती का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी साफ नाही म्हटलं. गुपित माझं, तर पेटंटही मलाच मिळायला हवं. तू प्रार्थनेत आमची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा धाकटा भाऊ,
जॅक्सन

नंदुरबार, २० जानेवारी

चि. जॅक्सन यास,
अ. उ. आ.

तू आणि गुपित? अरे, २०१६ च्या चर्चच्या सणात गावातली ज्युली सुकवलेली केळी, आपली सुकेळी, विकते त्या स्टॉलशेजारी टेबल मांडून बसला होतास. मिठाच्या पाण्याच्या दोन बरण्या, एकीत साधी पाती, दुसरीत मुलाम्याची. आधी कशात बुडवायचं, जस्त कसं चढवायचं, आल्यागेल्याला सगळं सांगत होतास. मी शेजारीच उभी होते. आपल्या गावच्या पॉलने शूटिंग करून तेव्हाच चर्चच्या चॅनेलवर टाकलंय.

वकीलबाईंना खरं सांग. गावाने आधीच पाहिलेल्या गोष्टीवर त्या कंपनीला हक्क सांगता येणार नाही. मग तुझंही पेटंटचं स्वप्न जाईल, हे मला कळतं रे, आणि वाईट वाटतं. पण खोटं बोलून पेटंट मिळवू नकोस. माझं प्रतिज्ञापत्र पाठवते. वेळेवर जेव.

तुझ्यासाठी रोज मेणबत्ती लावणारी,
बाय

वटार, २ मार्च

ती. कार्मिनबाय हिस,
सा. न. वि. वि.

तुझं प्रतिज्ञापत्र आणि पॉलचं शूटिंग पाहून कोर्टाने मनाई नाकारली. पेटंटचा निकाल पुढे लागेल, पण गाळा चालू आहे. त्यासाठी मला लिहून द्यावं लागलं की ही रीत मी २०१६ मध्येच सगळ्यांना दाखवली, आता ती माझ्या एकट्याची नाही. घरी येऊन रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्यात हेच काम करणारा शत्रुघ्न आला. तसलीच नोटीस आल्यापासून त्याने काम बंद करून माणसं घरी बसवली होती. त्याचा मुलामा सोलून निघायचा, म्हणून शिकवाल का, असं चाचरत विचारलं. मी त्याला मुलाम्याच्या टाकीजवळ उभं केलं. पहिल्या खेपेच्या पात्या डागाळल्या, दुसऱ्या खेपेच्या स्वच्छ निघाल्या. तो त्या उजेडात धरून बघत राहिला, आणि बाय, मला फार बरं वाटलं.

उद्या तो स्वतःची टाकी भरतोय. मला सकाळीच बोलावलंय.

मायेत ठेवावे,
जॅक्सन