राजवर्धनची डावी बाजू

५ जानेवारी
माझा नातू राजवर्धन आज दोन महिन्यांचा झाला. मान फक्त उजवीकडे वळवतो. फिजिओ शांभवी म्हणाली, मानेचा स्नायू आखडलाय, घरी रोज व्यायाम घ्या, महिन्यात फरक पडला नाही तर पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. पुणं ऐकून संयोगिताचे, म्हणजे माझ्या मुलीचे, डोळे भरले. मी जाहीर केलं, व्यायाम माझ्याकडे. दोन मुलं वाढवलीत. शिवाय माझी कॉन्व्हेंट शाळेतली शिस्त.

६ जानेवारी, सकाळी ८
बाळाला पाच मिनिटं पालथं घालायचं, दिवसातून तीनदा. पहिल्याच मिनिटाला रडला. उचलला. शांभवीने दिलेल्या तक्त्यात टिक केली. पालथा घातला होता, हे खरंच आहे.

९ जानेवारी
माझं बोट घट्ट धरलं. सोडेचना. संयोगिताला म्हटलं, बघ, माणूस ओळखतो. मैत्रिणींना चार फोटो पाठवले.

११ जानेवारी
दार आपटलं तर दोन्ही हात पसरून मला मिठी मारायला निघाला. उभा धरला तर पावलं टाकली. दोन महिन्यांत चालणारं आमच्या घरातलं हे पहिलंच मूल. संयोगिता या वयात नुसती झोपायची.

१५ जानेवारी
शांभवीला सगळं सांगितलं. गोड हसली. बोट धरणं, हात पसरणं, पावलं टाकणं हे जन्मजात रिफ्लेक्स, आपोआप होणाऱ्या हालचाली, सगळ्याच बाळांच्या, काही महिन्यांत जातात, म्हणाली. त्याच्या तळहातावर पेन ठेवलं. पेनही तितकंच घट्ट धरलं. मैत्रिणींना कळवलेलं नाही.
मान होती तिथंच. शांभवीने तक्त्यातल्या माझ्या टिका पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ न केल्यावर आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अशाच बघायच्या.

१६ जानेवारी
आजपासून प्रामाणिकपणे. रडला तरी उचलायचं नाही.
दीड मिनिट. दोघेही रडलो.

२० जानेवारी
शांभवी घरी आली. बाळाच्या उजवीकडे काय असतं, विचारलं. खिडकी? टीव्ही? आम्ही शोधत बसलो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायडाबाई म्हणाल्या, आक्का असत्यात की. दिसभर खुर्ची टाकून गाणी म्हणत्यात. प्वार दुसरीकडं बघंल कशाला?
आक्का म्हणजे मी. उजवीकडे ऊन येतं. माझ्या गुडघ्यांना बरं वाटतं. हे मी सांगितलं, पण कुणी लिहून घेतलं नाही.
खुर्ची डावीकडे हलवली.

२४ जानेवारी
डावीकडून शाळेतली सगळी इंग्रजी गाणी म्हटली. तो रिकाम्या उजवीकडे बघत राहिला. मला शोधत असावा. संयोगिता म्हणाली, आई, कंटाळलाही असेल.

२ फेब्रुवारी
महिना भरायला तीन दिवस राहिले. संयोगिता पुण्याच्या गाड्या बघतेय. मी आणखी मोठ्याने गात होते. माझ्या मागून बायडाबाई पाणी घेऊन आल्या आणि कडाडल्या, सरा की आक्का, पाणी गार व्हाय लागलंय, किती वराडताय.
राजवर्धनने मान डावीकडे फिरवली. पुरती. माझ्यावरून नजर नेऊन थेट बायडाबाईंकडे.
संयोगिता रडली. मीही रडले. कारणं वेगळी असावीत.

५ फेब्रुवारी
शांभवीने मान मोजली. फरक आहे. तूर्त पुणं नको, पण रोज हेच चालू ठेवा. तक्त्यातल्या ‘बाळ कशाला प्रतिसाद देतं’ या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: बायडाबाईंचा ओरडा.
संध्याकाळीही याल का, त्यांना विचारलं. सांजच्याला काय काम, म्हणाल्या. म्हटलं, त्याच्या डावीकडे उभं राहून मला ओरडायचं.
तेवढंच असंल तर रोज येतो की, म्हणाल्या.