अँड्र्यू जॅक्सन हे नाव माझ्या घरी चालणार नाही

मी, नेकी स्विमर, पक्षीकुळातली, वय साठीच्या पुढे, राहणार फ्लिंट परगणा, चेरोकी राष्ट्र, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझी छाती खोकल्याने पोखरली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, संतापाने लिहिते आहे. संताप म्हणजे वेड नव्हे, हे साक्षीदारांनी ध्यानात घ्यावं.

घर, पीचची बाग आणि ओढ्याकाठचा मका माझी मुलगी पेगी हिला. जमीन राष्ट्राची, पण बांधलेलं-लावलेलं माझं. तिचा नवरा विल्बर्न टेट, टेनेसीचा गोरा, याचा त्यात काडीचाही हक्क नाही. नीट वागेल तोवर त्याने चुलीपाशी बसून जेवावं.

कारण सांगते. या उन्हाळ्यात माजी राष्ट्राध्यक्ष जॅक्सन वारल्याची बातमी आली. विल्बर्नने माझ्याच भिंतीवर त्याची तसबीर टांगली, वर काळी फीत बांधली.

"आई, मोठा माणूस गेला," म्हणाला.

"जावईबापू, आम्हाला गावातून हाकललं, माझी आई वाटेत गारठून मेली, तेव्हा तुमच्या मोठ्या माणसाने फीत बांधली होती?"

"तेव्हा ते गादीवर नव्हते. तुम्हाला हाकललं दुसऱ्याने."

"कायदा कुणी केला? एकाने सापळा लावला, दुसऱ्याने ओढला. शिकार कुणाची?"

माझा भाऊ आचिला जवानीत याच जॅक्सनच्या बाजूने, तो जनरल असताना, क्रीक जमातीशी लढला. नदी पोहून गेला, शत्रूच्या होड्या ओढून आणल्या, डावा हात गमावून बसला. घरी येऊन म्हणाला, "नेकी, हा माणूस आपल्याला विसरणार नाही." नाहीच विसरला. तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि आम्हाला पश्चिमेला घालवण्याचा कायदा झाला. पुढे संगिनी घेऊन सैनिक दारात आले, तेव्हा आईची भाकर चुलीवर होती. ती उलटूही दिली नाही.

आणि विल्बर्नने माझ्या नातवाचं नाव ठेवलं अँड्र्यू जॅक्सन!

आमच्यात मूल आईच्या कुळाचं. मी कुळातल्या बायका बोलावल्या, बाळाला ओढ्यावर नेलं, आचिला हे नाव दिलं. हेच नाव कायम राहील. विल्बर्न भडकला, "मी घर सोडून जाईन!"

"जा. दार तेवढं लावून घ्या, कोंबड्या आत येतात."

पेगी रडली. मग डोळे पुसून तिनेच तसबीर उतरवली आणि नवऱ्याच्या हातात दिली. तो गेला नाही. अंगणात धुमसत बसला, अंधार पडल्यावर येऊन जेवला.

हातमाग माझ्या भाचीला. जाड घोंगडी भाऊ आचिलाला. त्याने ती भिडेखातर कुणाला देऊन टाकू नये, त्याची खोड मला ठाऊक आहे.

पाद्रीबाबा सांगतात, "नेकीबाई, मरताना त्या जॅक्सनला क्षमा करा." माझ्या वाटणीची करेनही एखादे वेळी. पण बाकीची माझी नाही. ती वाटेवर गोठलेल्या मातीत पुरलेल्यांची आहे, आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही.

हे वाचून घेतलं, पटलं, आमच्या लिपीत सही केली.

नेकी स्विमर

साक्षीदार: टॉम बीनस्टिक, शेजारी
आचिला स्विमर, भाऊ (उजव्या हाताने)

फ्लिंट परगणा, चेरोकी राष्ट्र
ऑगस्ट १८४५