हेनोकची तिसरी मॅच

मंगळवार, १ एप्रिल

योनासचा भाऊ टीममध्ये आहे! सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी योनास धडधडत खाली आला, बसचा युनिफॉर्म अर्धवट घातलेला, हातात फोन. "काकू, बघा. हेनोक!" फोटोत अठरा पोरं, निळे ट्रॅकसूट, सगळी सारखीच काटकुळी. मला काही ओळखता येईना. मग त्याने बोट ठेवलं. कान अगदी योनासचे!

वीस वर्षांखालच्यांची आफ्रिकेची मोठी स्पर्धा आहे म्हणे. तिच्या पूर्व विभागाच्या पात्रता फेऱ्या कंपालात. चार देश, प्रत्येकाच्या तीन मॅचेस, पहिला येईल तो पुढे जाणार. हे त्याने मला दोनदा समजावलं. चहा तसाच ठेवून गेला.

त्याच्या देशाचं नाव इथेही लिहीत नाही. "कुठेच लिहू नका, काकू." कोण वाचणार आहे माझी वही? पण त्याने सांगितलंय.

गुरुवार, ३ एप्रिल

आज बोलला. माझा नवरा सुहास त्याला कम्युनिटी सेंटरमध्ये इंग्लिश शिकवायचा, तेव्हापासूनची ओळख. मग मागची खोली त्याला दिली. सुहासला स्ट्रोक आला तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या आधी ह्यानेच त्याला जिन्यावरून उचलून खाली आणलं. आता घरात आम्ही दोघंच. तरी एवढ्या वर्षांत त्याचं मागचं मला तुकड्यातुकड्यानेच कळलंय. आज भांडी पुसता पुसता सलग सांगितलं.

तोही ह्याच टीमकडून खेळायचा. लेफ्ट बॅक. अशाच पात्रता फेरीला देशाबाहेर गेले होते. शेवटची मॅच संपली, बस हॉटेलकडे निघाली, सिग्नलला थांबली — आणि हा आणि आणखी तिघं मागच्या दाराने उतरून पळत सुटले. पायात खेळायचे बूटच. डांबरावर घसरत होते म्हणाला. मग सुदान, लिबिया, समुद्र. तो भाग नेहमीप्रमाणे एका वाक्यात उरकला.

"आणि घरी?" विचारायला नको होतं.

घरी सरकारी लोक वडिलांना घेऊन गेले. मुलगा पळाला म्हणून. सोडलं तेव्हा त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. वर्षभरात गेले. हेनोक तेव्हा शाळेत नुकता जायला लागला होता. आईने एकटीने वाढवलं त्याला. तिथे फोन क्वचितच लागतो, लागला तरी कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून मायलेक फक्त तब्येत आणि हवा असलंच बोलतात. शेवटचं बोलणं ख्रिसमसला झालं.

मी म्हटलं, "मग हेनोकसुद्धा आता—"

"नाही!" ताट दाणकन ठेवलं. "तो परत जाईल. आई एकटी आहे."

शनिवार, ५ एप्रिल

पहिली मॅच. आपले दुपारचे दोन. यूट्यूबवर दाखवतात, चित्र मधूनच गोठतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण अकरा नंबरवर डोळे लावून बसले. डावीकडच्या कडेने पळतो. काय पळतो! एकदा तर समोरच्याला असा वळसा घातला की मीच ओरडले.

१-१. शेवटी सगळे मैदानात बसले, तेव्हा एक सूटवाला माणूस त्यांना मोजत होता. बोट दाखवत, एकेकाला. योनास म्हणाला, "पाहिलंत? तेव्हाही हाच मोजायचा."

त्याचा मोठा उपास चालू आहे, ईस्टरपर्यंत अंडं नाही, दूध नाही. म्हणून वरणभातच केला. दोनदा वाढून घेतला. कित्येक दिवसांनी.

रविवार, ६ एप्रिल

रीडिंगहून लेकाचा, उदयचा फोन. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई, ह्या लोकांची भानगड आपली नाही. तू उगाच इन्व्हॉल्व्ह होऊ नको. तू इकडे ये ना, घर विक."

लेकरा, तुझ्या बाबांना जिन्यावरून कुणी उतरवलं? म्हटलं नाही. कशाला.

सोमवार, ७ एप्रिल

भांडलो. म्हणजे मीच भांडले.

कंपालात योनासचा एक गाववाला आहे, शिवणकाम करतो. मुलांचे फोन काढून घेतलेत, हॉटेलात कुणाला सोडत नाहीत, पण प्रॅक्टिसला जाताना बसपर्यंत चालत येतात. तेवढ्यात तो गेटवरून एक वाक्य ओरडू शकतो. एकच. आणि योनासने निरोप दिला: "घरी परत जा, आई एकटी आहे."

मी म्हटलं, "तू इथे बस चालवतोस, रात्री निर्धास्त झोपतोस. पळालास म्हणून. आणि त्याने परत जायचं? कशाला? तिथे सक्तीने आयुष्यभर लष्करात राबायला?"

"तुम्हाला नाही कळणार, काकू."

"का नाही कळणार? आम्हीपण सोडूनच आलोय की नागपूर."

"तुम्ही सोडून आलात तेव्हा तुमच्या वडिलांना कुणी उचलून नेलं का?"

  त्याने उठून माझाही कप धुतला. राग आला की तो घरातलं सगळं धुवून ठेवतो.

मंगळवार, ८ एप्रिल

२-०! दुसरा गोल हेनोकचा!! डाव्या पायाने, गोलीच्या हाताखालून. योनास हसलाच नाही. जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. "बाबांना बघायला मिळायला हवं होतं," एवढंच.

शुक्रवारी नुसती बरोबरी झाली तरी पुढे जातील. त्यांचा देश पुढे गेलेलाच नाही कधी ह्या स्पर्धेत.

बुधवार, ९ एप्रिल

निरोप पोचला. गाववाल्याने बसजवळ ओरडून सांगितलं. हेनोकने मान वळवली, छातीवर हात ठेवला आणि आत चढला. एवढंच.

योनासचा जीव भांड्यात पडला. दिवसभर शीळ घालत होता. "ऐकलं त्याने, काकू. लहानपणीसुद्धा ऐकायचा."

मला मात्र उगाच कसंतरी झालं. एवढं सुंदर पळणारं पोर!

शुक्रवार, ११ एप्रिल

लिहायचं कसं कळत नाही. पण लिहिते.

योनासने सुट्टी घेतली होती. दोनच्या आधीच सोफ्यावर. टीम्स बाहेर आल्या. समोरचे अकरा. आपले — मी त्यांना आता आपलेच म्हणते — मोजत राहिले मी. कॅमेरा फिरला. परत मोजले. नऊ.

नऊच जण! बदली खेळाडूंचा बाक रिकामा. हातमोजे घातलेला मुलगा गोली नव्हताच, परवापर्यंत बचावाला खेळत होता. हातमोजे त्याला मोठे होत होते. अकरा नंबर नव्हता.

कॉमेंटेटर म्हणाला, अर्धा संघ आज सकाळी हॉटेलातून नाहीसा झाला आहे, पण नियमाप्रमाणे सात जण असले तरी मॅच होते. मग त्याने काहीतरी विनोद केला. दुसरा हसला. माझ्या अंगाची लाही झाली.

 मी योनासला म्हटलं बंद करू का. मानेनेच नाही.

त्या नऊ जणांनी जिवाच्या आकांताने खेळ केला. हाफटाइमपर्यंत एकच गोल बसला होता. नंतर पाय चालेनात. सहा झाले. शेवटी शेवटी एक पोरगा नुसता चालत होता, चेंडू शेजारून गेला तरी. शिटी वाजली आणि जिंकलेल्या टीमची मुलं जल्लोष सोडून ह्यांच्याकडे आली, एकेकाला धरून उठवलं. तेवढं बरं वाटलं.

सूटवाला काठावर उभा होता. आज मोजत नव्हता.

योनास तेव्हा बोलला. "आम्ही निदान शेवटची मॅच खेळून पळालो होतो." आणि वर निघून गेला.

शनिवार, १२ एप्रिल

सकाळपासून त्याच्या फोनवर युगांडाचा नंबर येतोय. बघतो आणि कापतो. पुन्हा येतो. पुन्हा कापतो.

मी म्हटलं, "भाऊ आहे तुझा. जिवंत आहे, हे तरी ऐक त्याच्या तोंडून."

"त्याने माझा निरोप ऐकला. छातीवर हात ठेवला. आणि पळाला. आज आईच्या दारात ते लोक गेले असतील, काकू. आज किंवा उद्या. माझ्या वेळी बाबा तरी होते न्यायला. आता कोण आहे?"

मग त्याने तो नंबर ब्लॉक केला. माझ्यासमोर.

रविवार, १३ एप्रिल

विहारात बाबासाहेबांची जयंती. उद्या सोमवार, म्हणून आजच. दर वर्षी योनास खुर्च्या मांडायला येतो. आज नाही आला. हरिदासभाऊंनी विचारलं, "जयभीम वैजयंतीताई, तुमचा ड्रायव्हर कुठाय?" विहाराची सगळी व्यवस्था तेच बघतात. त्यांना थोडक्यात सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पळून गेलेल्याला नावं ठेवणं सोपं आहे हो. पण राहिलेल्यांचे हाल त्याच्या जिवाला खातात. दोन्ही खरंच."

पोरांनी भाषणं केली, अडखळत अडखळत, मराठीत. एका मुलीने "माझा आजोबा आली" म्हटलं, सगळे हसले. मीही हसले. आणि एकदम ते नऊ जण आठवले. ते आज विमानात बसले असतील. घरी जाऊन कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागतील? त्या हातमोजेवाल्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

तिकडच्या त्याच्या मावशीचा नंबर लागत नाही; आई तिच्याच फोनवरून बोलते. शेजाऱ्यांचा लागत नाही. योनास ड्यूटीवर जातो, येतो, वर जातो. जेवत नाही. उपास आहे म्हणतो. उपासात जेवण चालतं, हे मला माहीत नाही की काय!

मंगळवार, १५ एप्रिल

आज त्याने बस स्टॉपवर थांबवलीच नाही. माणसं उभी होती, हात करत होती, हा सरळ पुढे गेला. दोन स्टॉपनंतर लक्षात आलं. डेपोत विचारणा झाली. त्यानेच सांगितलं, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या.

मी त्याला बसवलं. भात कालवून पुढे ठेवला. म्हटलं, "खा. सुहास असता तर त्याने ओरडून खायला लावलं असतं."

दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "काकू, मला खरं काय वाटतं सांगू? मी त्याला आईसाठी परत जा म्हटलं नाही. माझ्यासाठी म्हटलं. तो तिच्याजवळ होता म्हणून मी इथे राहू शकत होतो. आता ती एकटी बसली असेल घरात, दार लावून, दोन मुलगे असून. हे मला दिसत राहतं. गाडी चालवताना पण."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा मोठा माणूस. 

बुधवार, १६ एप्रिल

बरा दिवस. ईस्टरला मावशीकडे नक्की फोन लागेल असं तो म्हणाला. त्या दिवशी सगळे घरी असतात. तेव्हा आईशी बोलेन, माफी मागेन म्हणाला. उदयला फोन करून मीही गुडघा ठणठणीत असल्याचं खोटंच सांगितलं, म्हणजे त्याने रीडिंगचा विषय काढू नये.

गुरुवार, १७ एप्रिल

सकाळी लँडलाइन वाजली. सर्व्हेवाले असतील म्हणून ठेवणार होते. "योनास हाऊस? युअर नेम काकू?" गाववाल्याने नंबर दिला होता. हेनोक! आवाज इतका कोवळा. इंग्लिश मोडकंतोडकं, तरी सगळं कळलं. कळू नये असं वाटत असताना कळलं.

आई फेब्रुवारीतच गेली. तापाने. जाताना हेनोकला म्हणाली, मी आहे तोवर थांब, मी गेले की तूही जा, आणि योनासला फोनवर सांगू नकोस, भेटून सांग.

योनास दोनला येतो. आधी भावाचं सांगेन.